झडीतले मामाजी

भंडाऱ्यात पाऊस तिसऱ्या दिवशीही थांबला नाही, की घरोघरी एकेक माणूस पदभार स्वीकारतो. त्याला कोणी नेमलेलं नसतं, पगार नसतो, आणि त्याच्या हाताखाली काम करायला घरातल्या बायकांशिवाय कोणीही नसतं. एरवी हा माणूस घरात आहे की नाही, हे पानं वाढल्यावरच कळतं. सकाळ पानठेल्यावर जाते, दुपार झोपेत आणि संध्याकाळ देवळाच्या ओट्यावर. झड लागली की ठेला बंद, ओटा ओला, आणि हा घरात अडकतो. अडकलेल्या निवृत्त माणसापुढे दोनच वाटा असतात. एक, घरकामाला हात लावणं. दुसरी, वैनगंगेची काळजी वाहणं. पहिली वाट धरलेला माणूस माझ्या अजून पाहण्यात नाही.

आमच्या घरी हे पद मामाजींकडे आहे. मामाजी म्हणजे माझे सासरे. ‘मी पाटबंधारे खात्यात होतो’ असं ते परक्या माणसाला दुसऱ्या वाक्यातच सांगतात. ते खरंही आहे. फक्त ते आस्थापना शाखेत होते. लोकांचे रजेचे अर्ज, सेवापुस्तकं आणि वेतनवाढीचे कागद यांत त्यांची सारी नोकरी गेली. धरणाचा उघडलेला दरवाजा त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो निवृत्तीनंतर, नातवंडांना घेऊन गोसेखुर्दला सहलीला गेलो होतो तेव्हा. पण ‘विसर्ग’, ‘येवा’, ‘सांडवा’, ‘उपयुक्त साठा’ हे शब्द त्यांनी फायलींवर इतकी वर्षं वाचले, की आता ते त्यांच्या तोंडून चुकल्या जागीही अस्खलित येतात.

मी सोलापूर जिल्ह्यातली. आमच्याकडे पाऊस आला की माणसं कौतुकानं दारात येतात, आणि चहा होईस्तोवर तो पुढच्या गावाला गेलेला असतो. भंडाऱ्याला वर्षाकाठी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. आमच्याकडे त्याच्या निम्माही पडत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी सकाळी साडी वाळत टाकली आणि संध्याकाळी काढायला गेले, तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हसल्या. “राहू दे व माय, ते आता पोळ्याले वाळते.” मला थट्टा वाटली होती.

झडीतल्या घराचं वर्णन करायचं तर आधी दोऱ्यांपासून करावं लागेल. समोरच्या खोलीत आडवी एक दोरी, मधल्या खोलीत दोन, आणि स्वयंपाकघरात शेगडीच्या वर एक खास दोरी. तिच्यावर फक्त शाळेचे गणवेश आणि मामाजींचे बनियन. माणसं घरात वाकून चालतात. पंखा पाचवर ठेवला तरी चादरीला कुबट वास येतोच, आणि लाइट गेली की पंखा थांबतो आणि वास तेवढा राहतो. मिठाला पाणी सुटतं. काडेपेटीतल्या सहा काड्या घासल्या की सातवी पेटते. डब्यातले मुरमुरे रबरासारखे होतात. मोरीत बेडूक असतो आणि तो घरचाच असल्यासारखा बघतो.

या सगळ्याच्या मधोमध, छपरीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, कानाला दुपट्टा गुंडाळून मामाजी बसलेले असतात. एका हातात मोबाइल, दुसऱ्यात चहा. समोर टेबलावर पंचांग आणि एक जुनी डायरी.

“कारध्याले चढून रायलं,” ते जाहीर करतात.

कारधा म्हणजे भंडाऱ्याच्या वेशीवरचं वैनगंगेकाठचं गाव. तिथं नदीची पातळी मोजतात, आणि धोक्याची खूण २४५.५ मीटरवर आहे. हा आकडा भंडाऱ्यातल्या कुठल्याही मामाजींना झोपेतून उठवून विचारा. सुनेचा वाढदिवस विचारू नका.

“किती आहे?” असं विचारायची पद्धत आहे, म्हणून मी विचारते.

“अजून दीड मीटर बाकी आहे. पन वरून येऊन रायलं.”

‘वरून’ म्हणजे आभाळातून नव्हे. आभाळातल्या पावसाला मामाजी फारसं मोजत नाहीत. वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशात, शिवनी जिल्ह्यात. तिथं तिच्यावर संजय सरोवर आहे. तिथून ती बालाघाटवरून खाली येते, वाटेत बावनथडी मिळते, भंडाऱ्याच्या खाली कन्हान मिळते. त्यामुळे आपल्या दारात ऊन पडलं तरी खरा झडीतला माणूस शिवनीचं आभाळ बघत असतो. शेजारच्या खोलीतलं छत मात्र त्याला दिसत नाही.

ते छत गळतं. आमचं घर पुढून स्लॅबचं आणि मागून जुन्या कवेलूंचं. स्वयंपाकघर मागे. दर उन्हाळ्यात माकडं त्या कवेलूंवरून शर्यती लावतात, आणि दर उन्हाळ्यात आत्याबाई म्हणतात, “औंदा कवेलू फेरून घ्या जी.” मामाजी म्हणतात, “पाहू.” मग मृग लागतो. मग पंचांग उघडून ते मृगाचं वाहन बघतात. वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असलं तर पाऊस चांगला, म्हणून आता कवेलूंना हात लावून उपयोग नाही. कोल्हा किंवा मेंढा असलं तर पाऊसच कमी, म्हणून गरज नाही. घोडा, मोर, गाढव, उंदीर यांच्यासाठीही त्यांच्याकडे कारणं आहेत. नऊही वाहनं आलटून पालटून येऊन गेली. कवेलू जिथल्या तिथं आहेत.

गळणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. एका खाली गंज, एका खाली कोपर, आणि तांदळाच्या पोत्यांजवळ एक घमेलं. मामाजींनी त्यांना नंबर दिलेत. खुर्चीवरून न उठता ते आवाजावरून साठा सांगतात. थेंब रिकाम्या भांड्यात पडला की टणटण, अर्ध्यात पडला की टपटप, आणि भरत आल्यावर नुसतंच डुबुक.

“दोन नंबर सत्तर टक्क्यावर गेला,” ते छपरीतून ओरडतात. “विसर्ग सुरू करा!”

विसर्ग म्हणजे मी कणकेचे हात धुऊन उठायचं, कोपर उचलायचा आणि मोरीत ओतायचा.

“मामाजी, तुम्ही बसल्या जागी जवळ आहात,” असं मी एकदा म्हणून पाहिलं. त्यांना राग आला नाही. त्यांनी शांतपणे समजावलं की नियंत्रण कक्ष आणि दरवाजे चालवणारी माणसं वेगळी असतात, नाही तर गोंधळ होतो. आत्याबाई चुलीपाशी पुटपुटल्या, “जलमभर बाबू होते, निवृत्त झाल्यावर साहेब झाले.”

गेल्या काही वर्षांत हवामान खात्यानं रंगीत इशारे द्यायला सुरुवात केली, आणि त्याचा सर्वांत मोठा परिणाम आमच्या स्वयंपाकघरावर झाला. यलो अलर्ट आला की चहा जास्तीचा. ऑरेंजला लाखोरीच्या डाळीचे वडे. आमच्या या धानाच्या पट्ट्यात धान निघाल्यावर त्याच ओलीवर लाखोरी पेरतात, आणि तिचे वडे झडीत जसे लागतात तसे कोरड्या हवेत लागत नाहीत, हे मीही मान्य करते. पण डाळ आधी भिजवावी लागते. म्हणून इशारा नागपूरच्या केंद्रातून निघून मामाजींच्या मोबाइलवर आला की ते पहिला फोन कुणाला करत नाहीत, आत बघून म्हणतात, “डाळ भिजू घातली का?” रेड अलर्टला वडे आणि कोचईच्या पानांच्या वड्या, दोन्ही. परसात कोचई उगवतेच. ती पावसात भिजत कापून आणायची ती मी.

डाळ भिजली आणि लाइट गेली, की मिक्सर बंद. मग आत्याबाई पाटा-वरवंटा काढतात. वरवंट्याच्या घरघरीत मामाजींना मोबाइलवरचा आवाज ऐकू येत नाही. “जरा हळू वाटा ना, गोसेचे दरवाजे सांगून रायले!” गोसेखुर्दला ३३ दरवाजे आहेत. किती उघडले आणि किती सेंटिमीटरनं उघडले, हा झडीतला सर्वांत आवडता प्रश्न. उत्तर काहीही आलं तरी ते “हूं” म्हणतात. सात उघडले, हूं. एकवीस उघडले, हूं. त्या हूंकारात असा काही भार असतो, की बाकीचे बारा त्यांच्या सहीसाठी थांबले असावेत.

मागे एका वर्षी त्यांनी पर्जन्यमापक बसवला. दूध पावडरचा सरळ उभा डबा गच्चीवर ठेवायचा, सकाळी बरोबर साडेआठला नातवाच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं आतलं पाणी मोजायचं आणि डायरीत लिहायचं. साडेआठलाच, कारण हवामान खातंही साडेआठला मोजतं. पद्धत अगदी बरोबर होती, हे सांगितलं पाहिजे. सरळ भिंतींच्या डब्यात जेवढं पाणी उभं राहतं तेवढाच पाऊस. पहिले काही दिवस डायरी सुरेख चालली. ४२, १८, ६७. सदुसष्टच्या दिवशी ते खुलले होते, कारण महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला की सरकारदरबारी अतिवृष्टी धरतात. “अतिवृष्टी झाली,” असं त्यांनी पोरगा झाला अशा आवाजात सांगितलं.

मग एका सकाळी पट्टी बुडाली. कंपासपेटीतली पट्टी पंधरा सेंटिमीटरची. ती उभी धरली तर तिच्यावर आणखी सहा बोटं पाणी. मामाजी ओल्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आले. हवामान खात्याच्या भाषेत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे सर्वांत वरची पायरी, आणि ती पायरी आमच्या गच्चीनं ओलांडली होती. त्यांनी तुमसरला फोन केला, पवनीला केला, साकोलीला केला. लाखनीच्या साडभावाला तर जनावरं सोडून ठेवायला सांगितलं.

“इकडं तर ऊन पडलं जी,” साडभाऊ म्हणाले.

“ढगफुटी असते तशी. जागच्या जागी होते.”

आत्याबाई तेव्हा तुळशीला पाणी घालत होत्या. त्या वळल्या. “कोनता डबा? थो गच्चीवरचा? थो मीच काल पन्हाळीखाली सरकवला, झाडाइले पानी होईल मनून.”

मामाजींनी त्या दिवसाची नोंद खोडली नाही. समोर कंसात ‘शंकास्पद’ असं लिहिलं आणि तारखेनिशी सही केली. आस्थापना शाखेत तसंच करत असावेत.

त्या शाखेतलं शिक्षण एका बाबतीत मात्र खरोखर कामाला येतं. रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात, आणि त्या आदेशाची वाट आमची दोन्ही पोरं रात्रीपासून बघत असतात. मागे एकदा सकाळी साडेसहाला माझ्या मोबाइलवर आदेश आला. वर राजमुद्रा, खाली सही, मध्ये ‘सर्व शाळा, महाविद्यालये व अंगणवाड्या’. पोरांनी दप्तरं फेकली. मीही डबा भरायचा थांबले. मामाजींनी मोबाइल मागितला, चष्मा लावला, आणि मजकूर सोडून फक्त जावक क्रमांक वाचला.

“हा मागच्या वर्षीचा आहे.”

“तारीख तर आजचीच आहे, आजोबा.”

“तारीख कोनी बी बदलवते. जावक क्रमांकात साल बदलवाचं रायलं.”

खरंच राहिलं होतं. पोरं भिजत शाळेत गेली. धाकट्यानं आठवडाभर आजोबांशी अबोला धरला आणि कंपासपेटीतली पट्टीही परत घेतली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस ज्या खात्यात होता तिथं तो कामाचा असणार.

माझी नणंद बालाघाटला दिली आहे. तिथं पुष्कळ घरांत मराठी बोलतात, आणि सोयरिकी या बाजूच्या त्या बाजूला होतच असतात. लग्न जुळताना मामाजींनी मुलाचा पगार विचारला की नाही, ठाऊक नाही. घर नदीपासून किती लांब आहे, हे त्यांनी विचारलं होतं, असं आत्याबाई सांगतात. झडीत तिला दिवसातून तीनदा फोन जातो.

“बेटा, पुलाले पानी किती लागलं?”

“बाबूजी, मला ताप आहे.”

“घाटाच्या पायऱ्या दिसून रायल्या का?”

“दोन दिवस झाले उठले नाही मी.”

“मंग जावाईबापूले पाठव ना पाहाले.”

एवढं झाल्यावर ते फोन आत्याबाईंकडे देतात, आणि त्या तापाची चौकशी करतात. नंतर मात्र, सगळे जेवायला बसल्यावर, मामाजी हळूच विचारतात, “गोळी घेतली का तिनं?” तिच्या तापाचा आकडाही ते डायरीत लिहितात: पातळीच्या रकान्याखाली, ‘ताप १०१’. मी चोरून पाहिलं आहे.

पाऊस तासभर थांबला की अख्खं भंडारा पूर बघायला निघतं. हा आमच्याकडचा न छापलेला सण आहे. इंग्रजांच्या वेळचा कारध्याचा लहान पूल आधी पाण्याखाली जातो. मोठ्या पुलावरून माणसं तो कुठवर बुडाला ते बघतात. भुट्टेवाले येतात. मामाजी स्कूटरवरून नातवाला नेतात, पोलिसानं मागे व्हायला सांगितलं तर एक पाऊल मागे होतात आणि त्यालाच इशारा पातळी आणि धोका पातळी यांतला फरक सांगतात. घरी येताना भुट्टा आणतात. एकच, नातवाचा.

आता २०२०. ऑगस्टचा शेवटचा आठवडा. करोना चालू, गणपती घरात, पोरांची शाळा मोबाइलवर. मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, संजय सरोवराचं पाणी सुटलं, पेंचकडूनही येत होतं, आणि वैनगंगा कारध्याला धोक्याची खूण बुडवून वर चढली. खाली गोसेखुर्दचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडले होते. भंडाऱ्याच्या सखल वस्त्यांत रात्रीत पाणी शिरलं. कितीतरी कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

आमचं घर चढावर आहे. त्यामुळे सकाळपर्यंत आमच्याकडे दोन नातेवाइकांची घरं आली: चुलतसासरे त्यांच्या माणसांसह, आणि आत्याबाईंचे भाऊ त्यांच्या माणसांसह. एकूण सतरा माणसं, तोंडाला फडकी, एक शेगडी. आणि छपरीत, एकाऐवजी तीन खुर्च्या.

मला तोवर कळलं नव्हतं की प्रत्येक घरात एक असतो. आता तिघं एकत्र आले होते. चुलतसासऱ्यांचा भाचा धरणावर कामाला. त्यांचा शब्द म्हणजे आतली बातमी. आत्याबाईंच्या भावाकडे केंद्रीय जल आयोगाचे आकडे येत. आणि मामाजींकडे बालाघाट. तिघांचे आकडे तीन. पाणी अजून चढणार, असं एकाचं म्हणणं; थांबलं, असं दुसऱ्याचं; बालाघाटला उतरलं म्हणजे उद्या इथं उतरणारच, असं मामाजींचं. बारा वाजता ते एकमेकांशी मोठ्यानं बोलत होते, दोन वाजता बोलत नव्हते. साडेतीनला चहा नेला तेव्हा तिघांनी तीन दिशांना तोंडं केली होती, आणि तिघांचेही मोबाइल चार्जिंगला एकाच बोर्डावर होते.

आत तिघी जावा-नणंदा आणि आम्ही दोघी सुना सतरा माणसांची खिचडी ढवळत होतो. चुलतसासूंचं घर छातीभर पाण्यात होतं. त्या कांदा कापता कापता एवढंच म्हणाल्या, “माह्यं पापडाचं पीठ वर फळीवर ठेवलं होतं, थे वाचलं असंल.” मग त्यांनीच विचारलं, “वो बाई, हे टपटप कायचं वाजून रायलं?”

तांदळाच्या पोत्यांजवळचं घमेलं पाहुण्यांच्या सामानामुळे कुणीतरी सरकवलं होतं. थेंब रात्रभर सरळ चिन्नोरच्या पोत्यावर पडत होता. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा सुवासाचा तांदूळ. भौगोलिक मानांकन बालाघाटच्या चिन्नोरलाही आहे आणि भंडाऱ्याच्याही, आणि कोणता खरा, यावर दोन्ही व्याह्यांचा जुना वाद आहे. पोतं खालपर्यंत ओलं झालं होतं. तिथून छपरीतली खुर्ची बारा पावलांवर. शिवनीपासून पवनीपर्यंतच्या पाण्याचा हिशेब त्या खुर्चीवर होता.

मामाजी आले, पोत्यात हात घातला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वरून आलं.”

आत्याबाई म्हणाल्या, “हो ना. वरूनच आलं.”

दुसऱ्या दिवशी पाणी उतरायला लागलं. मामाजींचा अंदाज बरोबर निघाला आणि इतर दोघांनी तो मान्य केला नाही. ओला तांदूळ चादरीवर पसरून पंख्याखाली वाळवला, तरी वास राहिला. त्याची पुढे महिनाभर धिरडी केली. सरकारी पंचनामे झाले ते सखल वस्त्यांत, आणि व्हायलाही तिथंच हवे होते. वैनगंगेनं आमच्या घराचं काही नुकसान केलं नाही. जे झालं ते माकडांनी केलं आणि मामाजींनी होऊ दिलं.

त्यानंतरही कवेलू फेरले गेलेले नाहीत. तेव्हा एक विनंती. कवेलू फेरणारा, पायानं न फोडता छतावर चालणारा माणूस आता सहजासहजी मिळत नाही. कुणाच्या ओळखीत असेल, तर त्याला मे महिन्यात, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, आमच्याकडे पाठवावं. तेव्हा मामाजी झोपलेले असतात. पैसे आत्याबाई देतील.